हा नकाशा कोणत्या महिन्याचा?

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात, हवामान बदलावरच्या एका कार्यक्रमात, भिंतीवर दोन नकाशे शेजारी शेजारी पडले होते. एक आजचा, एक २०५० सालचा. द्राक्षाला योग्य जमीन हिरवी, अयोग्य तांबडी. दुसऱ्या नकाशात हिरवा रंग बराच विरळ झाला होता. माहिती देणारा तरुण अभ्यासू होता, कुठेही आव आणत नव्हता. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका वयस्क बागायतदाराने विचारलं, "साहेब, हा नकाशा कोणत्या महिन्याचा?" तो म्हणाला, "वर्षाचा आहे, नाना. वर्षभराचं हवामान धरलंय." नाना "बरं" म्हणाले आणि खाली बसले. कार्यक्रम पुढे सरकला. मी मात्र त्या प्रश्नापाशीच थांबलो, आणि आजही तिथेच आहे.

नाशिक जिल्ह्यात सध्या या विषयावर जो वाद चालतो तो मला अतिशय उथळ वाटतो. एक बाजू म्हणते, द्राक्षाचे दिवस संपले, संगणकाचं हवामान मॉडेल सांगतंय, बागा तोडा आणि ड्रॅगन फ्रूट लावा, अॅव्होकॅडो लावा. दुसरी बाजू म्हणते, उद्याचा पाऊस ज्यांना सांगता येत नाही ते २०५० चं काय सांगणार? पहिल्या बाजूला नकाशा म्हणजे कोर्टाचा निकाल वाटतो, दुसरीला तो रद्दीचा कागद वाटतो. माझं म्हणणं असं की हे अंदाज हवेतच, पण ते चुकीच्या मापाने मोजले जात आहेत. आपल्याकडचं पीक जागा सोडण्याच्या कितीतरी आधी तारीख सोडतं. तारखा कुठवर हलवता येतील, त्या हलवण्याचा खर्च किती आणि तो कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हिरव्या-तांबड्या नकाशात मिळत नाही, आणि नकाशाला शिव्या घालूनही मिळत नाही.

आधी हे नकाशे बनतात कसे ते पाहू. बहुतेक अभ्यासांत पीक आज जिथे आहे त्या ठिकाणांचे बिंदू घेतात. त्या बिंदूंवरचं हवामान काही ठरावीक आकड्यांत मांडतात. सर्वाधिक वापरात असलेल्या संचात असे एकोणीस आकडे आहेत: वर्षाचं सरासरी तापमान, सर्वांत थंड महिन्याचं किमान तापमान, सर्वांत ओल्या तिमाहीतला पाऊस, वगैरे. या आकड्यांचा कोणता मेळ जुळला की पीक दिसतं हे संगणक शिकतो, आणि मग तसाच मेळ २०५० मध्ये कुठे जुळेल ते शोधतो. म्हणजे नकाशा सांगतो ते एवढंच: आज जिथे द्राक्ष आहे तिथल्यासारखं हवामान उद्या कुठे असेल. द्राक्ष तिथे जगेल की नाही, त्याचा भाव काय असेल, पाणी कुठून येईल, याबद्दल त्याने कधी काही म्हटलेलंच नसतं. आपण त्याच्या तोंडी ते वाक्य घालतो.

नकाशाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा तापमानाचा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. पुढेही ते वाढणार यावर सगळ्या मॉडेल्सचं एकमत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. "पूर्वीही असंच व्हायचं" हे वाक्य त्यामुळे आता टिकत नाही. पाहिलेलं हवामान आणि येणारं हवामान एकच नाही, हे कबूल केल्याशिवाय चर्चा सुरूच होऊ शकत नाही. संशय घेणाऱ्यांचाही एक मुद्दा तेवढाच खरा आहे: पावसाच्या आकड्यांत मॉडेल्समध्ये मोठी तफावत आहे. जागतिक मॉडेलचा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि येवल्याला जेमतेम पाचशे-साडेपाचशे. घाटमाथ्याच्या सावलीत पाऊस कसा ओसरतो हे असा चौकोन पाहू शकत नाही. पुढे तो बारीक करून एक-एक किलोमीटरचा नकाशा काढतात तेव्हा चित्र सुबक होतं, पण ज्ञान तेवढ्याच प्रमाणात वाढलेलं नसतं.

आता द्राक्षाकडे येऊ. द्राक्ष मुळात समशीतोष्ण भागातला वेल. तिकडे थंडीत तो पानं टाकतो, झोपतो, वसंतात फुटतो. आपल्याकडे त्याला झोपायला मिळतच नाही. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास द्राक्ष रुजवलं असं सांगतात. त्या काळी कोणी युरोपातले बिंदू घेऊन असा नकाशा काढला असता, तर नाशिक कोणत्या रंगात आलं असतं? माझ्या मते तांबड्याच. मग झालं काय? इथल्या माणसांनी वेलाचं वर्षच नव्याने आखलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी, म्हणजे पुढे घड धरणारी फांदी, तयार करायची, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून तिच्यावर माल घ्यायचा. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचा लेप. खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून डॉगरिज या रानटी वेलाच्या खुंटावर, म्हणजे मुळाच्या भागावर, कलम. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की मण्यांची फुगवण थांबते, गुलाबी मणी येतात, म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद. द्राक्षाच्या नाशिकपणाची ही सगळी सामग्री माणसाच्या हातची आहे, आणि एकोणीस आकड्यांपैकी एकातही ती नाही.

हाच वाद जगात दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर झाला होता. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर २०५० पर्यंत जगातल्या प्रमुख वाइन प्रदेशांतलं द्राक्षयोग्य क्षेत्र २५ ते ७३ टक्क्यांनी घटेल, असं त्यात म्हटलं होतं. बोर्दोचे संशोधक कॉर्नेलिस व्हॅन लीउवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं: तुम्ही तापमानाची जी वरची मर्यादा धरली आहे, तिच्या पलीकडे बर्गंडी, ऱ्हाइनगाऊ आणि ऱ्होनचं खोरं आजच गेलेलं आहे, आणि तिथे उत्तम वाइन बनते आहे. इथवरची गोष्ट आपल्याकडच्या संशयवाद्यांना फार आवडेल. पण ती इथे संपत नाही. २०२४ मध्ये याच व्हॅन लीउवेन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. स्पेन, इटली, ग्रीस आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारी आणि सखल भागांतले सुमारे नव्वद टक्के पारंपरिक वाइन प्रदेश या शतकाच्या अखेरीस नाहीसे होण्याचा धोका आहे, असं त्यात लिहिलं आहे. ज्याने आधी अतिशयोक्ती दाखवून दिली, त्यानेच पुढे धोक्याची सीमाही आखली. माणूस जुळवून घेतो, आणि जुळवून घेण्याला शेवट असतो. ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने म्हणता आली पाहिजेत. आपल्या वादात मला हेच कुठे ऐकू येत नाही.

नानांचा प्रश्न इथे कामाला येतो. नाशिकच्या बागेचं नुकसान वर्षाच्या सरासरीने होत नाही, ठरावीक पंधरवड्यात होतं. फळछाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे नुकते फुटत असताना, सलग पाऊस लागला की कोवळे घड जिरतात, त्यांची बाळी होते, म्हणजे घडाऐवजी नुसता ताणा उरतो. फुलोऱ्यात पाऊस आला की गळ, कूज आणि डाऊनी हा बुरशीसारखा रोग. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकू लागल्यावर, पाऊस आला की ते तडकतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं पाठोपाठ आली, पाऊस लांबला, आणि ज्याची छाटणी ज्या तारखेला झाली होती त्याप्रमाणे कोणाचं थोडं गेलं, कोणाचं सगळं. एकाच शिवारात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारपीट झाली. तीस वर्षांच्या सरासरीत नोव्हेंबरचा पाऊस नगण्य दिसतो. तो तसाच दिसत राहील, आणि माल मातीत जात राहील.

बागायतदाराने यावर पहिला उपाय काय केला? तो शेत उचलून हिमाचलात गेला नाही. त्याने तारीख हलवली. सटाण्याकडे, बागलाणात, अर्ली द्राक्षाची छाटणी पावसाळ्यातच उरकतात आणि नाताळच्या आधीचा बाजार धरतात. डाळिंबाचं तेच. बागलाण, देवळा, मालेगाव पट्ट्यात तेल्या रोगाने बागाच्या बागा काढून टाकायला लावल्या. तेल्या हा जिवाणूचा रोग, दमट उबदार हवेत आणि पावसाच्या तुषारांबरोबर फैलावतो. 'डाळिंबास योग्य' असा शिक्का मारणाऱ्या नकाशात तो नसतो. उरलेल्यांनी पावसाच्या सुरुवातीचा मृग बहार सोडून पाऊस ओसरतानाचा हस्त बहार धरला, म्हणजे फळाच्या नाजूक दिवसांची गाठ पावसाशी पडू नये. कांद्याचे पोळ (खरीप), रांगडा (उशिराचा खरीप) आणि उन्हाळ (रब्बी) हे तीन हंगाम म्हणजेही तारखांचाच खेळ. रांगड्याला थंडीचा फटका बसला की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, सप्टेंबरच्या पावसात पोळ कांद्याची रोपं सडतात. आणि कांद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नकाशा काढणाऱ्यांनी विसरू नये: कांदा पोसायला तापमानाइतकीच दिवसाची लांबी लागते. आपले वाण लहान दिवसाचे, म्हणजे कमी तासांच्या उजेडात पोसणारे. तापमान वाढलं म्हणून पीक उत्तरेकडे सरकेल असं म्हणणं सोपं आहे, पण उत्तरेचा दिवस हवामान बदलाने लहान होत नाही. उष्णतेचा पट्टा सरकतो, सूर्योदयाची वेळ जागच्या जागी राहते.

मग तारखा हलवत राहू, असं कोणी म्हणेल. इथे मला आपल्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. तारीख ही रबराची नसते. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, आणि तिला कडक ऊन लागतं. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस बसला, ढग हटेनात. त्याचा परिणाम त्या महिन्यात काहीच दिसला नाही. तो दिसला ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, अनेक बागांत काड्या फुटल्या आणि घडच निघाले नाहीत. म्हणजे वर्षाच्या दोन्ही टोकांना पाऊस आला तर हलायला जागा कुठे राहते? छाटणी लवकर करावी तर पाऊस, उशिरा करावी तर माल एप्रिलच्या उन्हात, आणि निर्यातीच्या बाजारात दुसऱ्या देशांच्या मालाशी टक्कर. प्लास्टिकचं आच्छादन टाकावं तर एकरी काही लाखांचा खर्च. "शेतकरी हुशार आहे, तो मार्ग काढतो" हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण त्यात एक निर्दयपणा दडलेला आहे: मार्ग काढण्याचं सगळं बिल त्याच्या नावावर फाडलं जातं. पाच एकरवाला आच्छादन टाकतो, दीड एकरवाला बाग काढतो, आणि आकडेवारीत दोघांचा मिळून 'जुळवून घेतलं' असा एकच शेरा होतो.

पाण्याचा हिशेब तर याहून अवघड आहे. माणूस हवामानावर मात करतो याचा पुरावा म्हणून कालवे दाखवले जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी अडवली गेली, आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात, पुढे कोपरगाव-राहात्यापर्यंत, ऊस उभा राहिला. पावसाच्या नकाशावर तिथे ऊस कधीच बसला नसता. पण त्याच गोदावरीवर खाली मराठवाड्याचं जायकवाडी धरण आहे, आणि २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणल्यापासून तुटीच्या वर्षी गंगापूर-दारणा समूहातून पाणी खाली सोडावं लागतं. आपण ज्याला जुळवून घेणं म्हणतो ते खालच्या माणसाच्या हंड्यातून येतं का, हा प्रश्न नाशिककराने स्वतःला विचारायला हवा. मला तो विचारताना त्रास होतो, कारण उत्तर काही वर्षी 'हो' असं येतं.

पीक कुठे असेल हे ठरवणाऱ्या गोष्टींत हवामानाचा वाटा किती, हेही एकदा नीट बोलायला हवं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला, आणि खानदेशात कापसाचं क्षेत्र भराभर वाढलं. युद्ध संपलं, भाव कोसळला. या पाच वर्षांत खानदेशचं हवामान बदललं होतं का? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत चालली. लासलगावच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाने पुढच्या वर्षी काय लावायचं हे तापमानाच्या आलेखावरून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून, 'हवामान बदलामुळे पीक सरकलं' असं मागाहून म्हणणाऱ्यांनी आधी धोरणाचा हिशेब द्यावा. नाहीतर हवामान ही सरकारला सोयीची सबब होईल.

एवढं सगळं म्हणूनही मी नकाशे हवेत असंच म्हणतो, कारण काही निर्णय लांब पल्ल्याचेच असतात. कांदा चार महिन्यांचा. तिथे २०५० चा अंदाज घेऊन काय करणार? द्राक्षबाग एकदा लावली की बारा-पंधरा वर्षं राहते, खुंट निवडताना पुढची दोन दशकं डोळ्यांपुढे हवीत. नवा वाण शोधून, तपासून शेतात यायला तेवढाच काळ जातो. धरणाचं आयुष्य त्याहून मोठं. अशा निर्णयांना दूरचा अंदाज लागतो, धूसर असला तरी लागतो. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने आणि राहुरीच्या विद्यापीठाने कोणत्या गुणाचे वाण शोधायचे, डाऊनीला टिकणारे की उन्हाला, हे ठरवायला असा नकाशा उपयोगी आहे. बँकेने त्यावरून एखाद्या गावाचं कर्ज थांबवायला मात्र तो उपयोगी नाही, आणि भीती मला त्याचीच आहे. रंग एकदा फाइलला लागला की पुसत नाही. फळपीक विम्याचं उदाहरण समोर आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर भरपाई ठरते, आणि धोक्याचे कालावधी आधीच छापलेले असतात. ज्याने पावसाला चुकवायला छाटणीची तारीख हलवली, त्याचं नुकसान त्या कालावधीच्या बाहेर पडलं तर काय? हुशारीची शिक्षाच होते ती.

पश्चिमेकडच्या तालुक्यांबद्दल या चर्चेत कोणी बोलत नाही, म्हणून चार ओळी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या उतारांवर नागली, वरई ही भरडधान्यं आणि खुरासणी हे तेलबियांचं पीक येतं. ही पिकं कुठे किती आहेत याचे बिंदू फारसे कुठे नोंदलेले नाहीत, आणि ज्या पिकाचे बिंदू नाहीत त्याचा नकाशाही नीट येत नाही. मग 'भविष्यातील संधी' म्हणून तिथे बाहेरचंच पीक सुचवलं जातं. थोड्या मातीत, मोठ्या पावसात टिकणारं धान्य ज्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडत आणलं, त्यांना आधी विचारावं, त्यांचं बियाणं आधी जपावं.

सभागृहातला कार्यक्रम संपल्यावर मी नानांच्या घरी गेलो होतो. चहा होईपर्यंत त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. प्रत्येक प्लॉटच्या छाटणीची तारीख, डोळे फुटल्याची तारीख, फुलोरा, पहिला डाऊनीचा ठिपका कधी दिसला, कोणत्या रात्री किती पाऊस झाला, शेवटी माल किती निघाला. सत्तावीस वर्षांच्या वह्या. निर्यातीच्या बागांची नोंदणी २००६ पासून ग्रेपनेट या सरकारी संगणकीय प्रणालीवर होते, त्यासाठी फवारणीची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे अशा वह्या जिल्ह्यात हजारो घरांत असणार. मंडळाच्या हवामान केंद्रांच्या नोंदी त्यांच्याशेजारी ठेवल्या, तर कोणत्या महिन्यातला पाऊस कोणत्या अवस्थेला किती महागात पडतो, छाटणीची तारीख गेल्या पाव शतकात किती सरकली आणि अजून किती सरकू शकते, हे पहिल्यांदा आकड्यांत सांगता येईल. त्याला उपग्रह लागत नाही. गावोगाव जाऊन वह्या मागणारी, त्या परत आणून देणारी आणि जे निघेल ते त्या घराला आधी सांगणारी माणसं लागतात. मी नानांना विचारलं, या कोणी पाहिल्यात का? ते म्हणाले, "तुम्हीच पहिले." मग २०१९ ची वही उघडून त्यांनी मला २१ ऑक्टोबरचं पान दाखवलं.